वन्संच्या उशीतले ढेकूण

राग सगळ्यांनाच येतो. पण रफूवालीचा राग म्हणजे शेगडीवर ठेवलेलं दूध. जाळ कमी करायला कुणी उठेपर्यंत सगळं ओट्यावर. आणि मग ओटा पुसायलाही तीच, तेही बडबडत.

रफूवाली म्हणजे रफू करणारी. कोटाला सिगरेटचं भोक पडलं, स्वेटर उंदरानं कुरतडलं, नवी कोरी पँट खुर्चीच्या खिळ्यात अडकली, की लोक तोंड पाडून तिच्या दारात. ती त्याच कपड्याच्या आतल्या दुमडीतनं धागे ओढून काढायची, आधी उभे भरायची, मग आडवे, एकाखालनं एक, एकावरनं एक. नंतर भोक कुठं होतं ते मालकालासुद्धा सापडायचं नाही. बोटं अशी हलकी, की कपड्याला कळू नये. जीभ मात्र दाभण. दिवसभर मान खाली घालून बसायचं म्हटल्यावर, वर काढायची ती भांडायलाच, असं गल्लीतले लोक म्हणायचे. तिला ऐकू जाणार नाही एवढ्या लांबून म्हणायचे, हेही खरं.

हे काम तिला आत्यानं शिकवलं. आई लहानपणीच गेलेली. आत्या चुकलं की सुईचं टोक हातावर टेकवायची, टोचायची नाही, नुसतं टेकवायची, पण तेवढ्यानं पोर ताठ. आत्याची शिकवण एकच, आलेला कपडा आधी मागच्या पायरीवर न्यायचा, उलटा करायचा आणि झटकायचा. मगच घरात. कारण एकदा कुणाच्या तरी घोंगडीतनं आत्याच्या घरात ढेकूण शिरले होते. भिंतीच्या फटीत, खुर्चीच्या वेतात, ग्राहकांच्या कपड्यात. गाव ओसाड पडावं तसं आत्याचं दुकान ओसाड पडलं. रफूवाली तेव्हा परकर सांभाळत फिरणारी पोर, पण त्या दिवसांत घरात काय शांतता होती ती तिच्या अंगात मुरली. तेव्हापासून तिला साप चालेल, विंचू चालेल, ढेकूण नाही.

आता वन्सं. वन्सं म्हणजे तिच्या नवऱ्याची धाकटी बहीण, पण वयानं दोघी सारख्याच. वन्सं दवाखान्यात नर्स होत्या, निवृत्त झाल्या तरी सगळी गल्ली त्यांना सिस्टरच म्हणायची. लग्न केलं नाही. दोन्ही घरं शेजारी खेटून, मागच्या अंगणांच्या मध्ये छातीएवढी भिंत. पलीकडे वन्संचं पाळणाघर. कामाला जाणाऱ्या आया सकाळी पोरं सोडायच्या आणि संध्याकाळी न्यायच्या. आणि वन्संची स्वच्छता अशी, की खुळखुळेसुद्धा उकळायच्या. पोराच्या आधी आईनं हात धुवायचे, मग पोर आत. वन्सं रफूवालीला तू म्हणायच्या, ती वन्संना तुम्ही. दुपारी पोरं निजली, की इकडे रफूवालीचं नवऱ्याशी नाहीतर दूधवाल्याशी काहीतरी सुरू व्हायचं आणि भिंतीपलीकडनं हाक यायची,

"वहिनी, आवाज! पोरं झोपलीत!"

"मग मी काय कुजबुजत भांडू?" रफूवाली ओरडायची. पण आवाज उतरवायची. रोजचंच होतं ते. ती हाक ऐकून गल्लीतल्या लोकांना दुपार झाली ते कळायचं.

तर एकदा तिचा नवरा भिंतीवरनं एक छोटी उशी घेऊन आला. नवरा रंगारी, दुकानांचे बोर्ड रंगवायचा. जन्मभर फळीवर जेवढी जागा तेवढीच अक्षरं बसवायची सवय, बोलणंही तसंच मोजकं. पलीकडे वन्संनी त्याला अगदी नीट समजावलं होतं, "दादा, मान धरलीय माझी. शेकाची रबरी पिशवी गळायला लागली, म्हणून ही उशी केलीय. आत जवस भरलेत, आजच आणलेत ताजे. तव्यावर गरम करून मानेखाली घ्यायची. तोंड मी कच्चं टाचलंय, वहिनीला म्हणावं पक्कं करून दे. आतलं हलवू नको म्हणावं." भिंत ओलांडून येईपर्यंत एवढ्यातलं किती उरलं?

"उशी आहे. शिव," असं म्हणून तो ब्रश धुवायला गेला.

रफूवालीनं चष्मा कपाळावर चढवला, पायरीवर धूळ उडते म्हणून ती नेहमीच चढवायची, आणि उशीची दोन टोकं धरून दिला झटका. कच्चा दोरा तो, टिकतोय कसला. तोंड उसवलं आणि आतनं भळभळा काय बाहेर पडलं? तपकिरी. चपटे. चकचकीत. पायरीच्या दगडावर एक रास, आणि उरलेले उडाले पार भिंतीच्या कडेच्या मातीत.

तिच्या हातातनं उशी गळली. ढेकूण! आणि ते कुणाच्या घरातले, तर वन्संच्या!

आणि इथं रफूवालीचा मोठेपणा बघ. जिला वाळत घातलेला टॉवेल वाऱ्यानं पडला तरी गल्लीला ऐकवावं लागायचं, ती बाई हू की चू बोलली नाही. पोरं सांभाळणारी बाई आणि घरात ढेकूण, हे बाहेर फुटलं तर काय होईल ते तिला आत्याच्या घरात कळून चुकलं होतं. तिनं पातेलंभर पाणी उकळलं आणि दगडावर ओतलं. सगळी रास फुगली आणि बुळबुळीत झाली. मेले, असं म्हणून तिनं खराट्यानं मोरीत लोटलं. खोळ उकळली, वाळवली. आणि आपल्या पेटीतले चांगले तुकडे निवडले, मऊ लोकरीचे, अस्तराचे, आणि उशीत भरले. तोंड असं शिवलं की टाका दिसू नये. नवऱ्याच्या हातात दिली आणि म्हणाली, "म्हणावं झाली." छाती जरा फुगलेलीच होती. आपण एका बाईची अब्रू झाकली, आणि बोललोसुद्धा नाही!

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आया पोरं न्यायला आलेल्या, वन्संच्या दारात चपलांचा ढीग, रफूवाली शेजारी आपल्या दारात, आणि वन्सं उशी घेऊन बाहेर आल्या. खोळीवर तव्याचा काळा डाग.

"वहिनी, ही माझी उशी नाही."

"तुमचीच आहे. खोळ बघा की."

"खोळ माझी आहे. आत काय कोंबलंयस? तव्यावर ठेवली तर धूर निघाला. जळका वास अजून घरभर आहे."

"आत चांगले तुकडे आहेत, लोकरीचे. मानेला मऊ लागावेत म्हणून निवडून घातले. तव्यावर कशाला ठेवलीत? उशी काय तव्यावर ठेवायची वस्तू आहे?"

"माझं आत होतं ते कुठंय?"

"टाकलं."

"टाकलं? कुणाला विचारून टाकलंस? लोकांच्या वस्तूतलं काढून घ्यायचं आणि चिंध्या भरून परत द्यायचं, हा धंदा कधीपासून सुरू केलास गं?"

हे लागलं. उरलेला वीतभर धागासुद्धा कागदात गुंडाळून मालकाला परत करणारी बाई ती. चेहरा लाल, कान लाल.

"वन्सं, मी गप्प बसलेय ती तुमच्यासाठी. मला बोलायला लावू नका."

"बोल की! तुला बोलायची लाज कधीपासून वाटायला लागली?"

"ढेकूण होते!" रफूवाली ओरडली. "उशीभर ढेकूण! मी मारले, मी धुतले, कुणाला सांगितलं नाही, आणि मला चोर म्हणता?"

सगळ्या आया होत्या तिथं थिजल्या.

"जवस होते ते, मूर्ख बाई! शेकाचे जवस! दादाला सांगून पाठवलं होतं मी!"

दादा कुठं होता? शिडीवर, बाजारात, कुठल्यातरी चपलांच्या दुकानाच्या बोर्डावर. असता तरी काय बोलला असता देव जाणे.

"जवस चालतात का?" रफूवाली आता थांबते का कुणाला? "जवसांना पाय असतात? मी चालताना बघितलेत, या डोळ्यांनी! तू आधी तुझं घर बघ!"

जन्मात पहिल्यांदा वन्संना तू म्हणाली ती. आणि चालताना बघितलं म्हणाली, ते साफ खोटं. एकसुद्धा हलला नव्हता. पण रागाच्या तोंडून निघालं, आणि निघाल्यावर तिच्या डोक्यात ते असं बसलं, की रात्री अंथरुणावर पडली तर तिला खरंच चालताना दिसायला लागले.

चष्मेवाली म्हणून एक आई होती, बँकेत कामाला. तिनं आपलं पोर सतरंजीवरनं पटकन उचललं आणि तिथंच त्याची कॉलर उलटी करून बघायला लागली. एकीनं बघितलं की दुसरीनं. वन्सं बघत राहिल्या. मग आत गेल्या आणि दार लावलं. आपटलं नाही, लावलं.

त्यानंतर पाळणाघर रिकामं व्हायला कितीसा वेळ लागतो? आज एकीचं पोर मामाकडे गेलं, उद्या दुसरीला रजा मिळाली, परवा तिसरीची सासू आली. तोंडावर कुणी काही बोललं नाही. वन्संनी गाद्या, सतरंज्या, दुपटी, सगळं उचलून उन्हात आणून मांडलं, या, बघा आणि खात्री करून घ्या म्हणून. तर बायका काय म्हणाल्या माहितीये? गाद्या उन्हात टाकल्यात, म्हणजे ढेकूण असणारच. घ्या आता! एका बाईनं आत जाऊन एक कोपरा उचलून बघितला नाही. ज्या बाईनं त्यांच्या पोरांची शी काढली, ताप उतरवला, दात येताना रात्री दहादा फोन घेतले, तिच्या दारापुढनं तोंड फिरवून जायला लागल्या.

आणि दुपारी भिंतीपलीकडनं हाक येईना. रफूवाली दूधवाल्याशी भांडली, पार टिपेला गेली, आणि मधेच थांबून भिंतीकडे बघायला लागली. दूधवाला म्हणाला, "काय झालं काकू, विसरलात?"

"तू जा रे मेल्या," ती म्हणाली.

पण चूक कबूल करणाऱ्यांतली ती नव्हती. उलट राग वाढत गेला. आपण झाकलं, तिनं उघडं पाडायला लावलं, वर आपल्याला चोर म्हटलं. माफी मागायचीच तर वन्संनी मागावी. नवरा दोन्ही घरांत जेवायचा आणि दोन्हीकडे गप्प बसायचा.

थंडी पडायला लागली तेव्हा पायरीच्या कडेला, भिंतीखालच्या मातीत, काहीतरी उगवलं. झिपरं झिपरं, दोऱ्यासारखे देठ, सुईसारखी पानं. हिनं कधी लावलं नव्हतं. तिच्या अंगणात असायचं काय, तर एक कढीपत्ता, एक जास्वंद आणि रंगाचे रिकामे डबे. आधी तिला गवत वाटलं. उपटणार होती, पण नवऱ्यानं शिडी तिथंच टेकवून ठेवलेली, राहून गेलं. मग एका सकाळी बघते तर फुलं. निळी. कोटाच्या बटणाएवढी, पाच पाकळ्यांची, वाऱ्यानं नुसती थरथरणारी.

आता, रंग जुळवणं हे त्या बाईचं पोट. कपडा बघितला की धागा पेटीतनं न बघता काढायची. ती आत गेली आणि निळ्या धाग्यांची सगळी रिळं बाहेर आणली. गणवेशाचा निळा, ड्रायव्हरच्या शर्टाचा निळा, आकाशी, मोरपंखी. एकही जुळेना. एकात जांभळा जास्त, दुसरा फिका. आणखी शोधून आणेपर्यंत ऊन डोक्यावर आलं, आणि फुलांच्या पाकळ्या गळून खाली दगडावर. तिचं टाळकंच सरकलं.

"हे काय सोंग आहे? अर्ध्या दिवसात बेपत्ता?" ती झाडाला म्हणाली. "तुझं नाव काय, गाव काय, माझ्या पायरीशी कुणी घातलं तुला?"

दूधवाला म्हणाला, "गाय तोंड लावत नाही, म्हणजे विषारी असणार."

"कुठली गाय? तुझं दूध पिशवीतलं!"

रोपवाटिकेचा माळी कोटाला रफू करून घ्यायला आलेला, त्यानं वाकून बघितलं, देठ चोळला, हुंगला आणि म्हणाला, "शोभेचं असावं. माझ्याकडे असतं तर कुंडीत घालून विकलं असतं." म्हणजे त्यालाही माहीत नव्हतं. पण माहीत नाही हे दोन शब्द पुरुषांना जड जातात.

मग चष्मेवाली आली, ऑफिसचा कोट घेऊन, बाहीला खिळा लागलेला. तिच्याकडे मोबाईलमध्ये ती युक्ती होती, झाडाचा फोटो काढला की नाव सांगणारी. तिनं फुलावर मोबाईल धरला. दोघी डोकी जवळ आणून बघायला लागल्या. चाक फिरलं, फिरलं, आणि नाव आलं.

चष्मेवालीनं मोबाईल आपल्याकडे वळवून घेतला.

"अहो वाचा की. काय म्हणतोय?"

"जवस," चष्मेवाली हळूच म्हणाली.



"काढा दुसरा फोटो," रफूवाली म्हणाली. "तुमचा हात हलला."

"हो ना. चुकतो कधीकधी हा. मागे आमच्या कडुलिंबाला काहीतरी भलतंच सांगत होता." दुसरा फोटो काढला. परत जवस. चष्मेवालीनं खालची नावं दाखवली, तिसरं, चौथं, कुठलीतरी परदेशी फुलं. "हे बघा, हे पण असू शकतं. पान जरा तसंच आहे."

"तेच असणार," रफूवाली म्हणाली. "मोबाईलला काय कळतंय मेल्याला!"

दोघींपैकी कुणालाच ते नाव नको होतं. एकीनं ढेकूण बघितले म्हणून सांगितलेलं, दुसरीनं सगळ्यांत आधी पोर उचललेलं. चष्मेवाली कोट ठेवून गेली, त्या दिवशी चहालासुद्धा थांबली नाही.

संध्याकाळी रफूवाली पायरीवर आली, आणि सगळे देठ एका मुठीत धरले. एक हिसका दिला असता तर संपलं असतं. मोरीत टाकायचं, वर पाणी सोडायचं. नवरा तिथं ब्रश झाडत उभा होता.

"उपट," तो म्हणाला. "म्हणजे कळायचंच नाही."

"तुम्हाला कुणी विचारलं?" ती फिरली त्याच्यावर. "जन्मभर घुम्यासारखे बसलात, आणि आता तोंड फुटलं? आणि काय हो, वन्संनी उशी दिली तेव्हा काय सांगितलं होतं तुम्हाला? अगदी शब्दाला शब्द सांगा!"

तो थोडा वेळ ब्रशच झाडत राहिला. "जवस भरलेत. आतलं हलवू नको."

"आणि मला काय सांगितलंत?"

"शिव."

रफूवालीनं त्याच्याकडे असं बघितलं, की त्यानं ब्रश परत रंगाच्या डब्यात बुडवला. "वन्सं त्या दिवशी ओरडून सांगत होत्या दादाला सांगितलंय म्हणून, तेव्हा नव्हतात, बरं. नंतर तोंडाला काय कुलूप लागलं होतं?"

"तू चालताना बघितलेस म्हणालीस," तो म्हणाला. "मला वाटलं, जवसात ढेकूण गेले असतील."

 तिनं मूठ सोडली. झाड नाही उपटलं. म्हणाली, "पिकू दे. बघूच काय निघतंय पोटातनं. जवस नसले ना, तर सगळ्या गल्लीला दाखवीन."

मग ती राखणच करायला लागली. खराटा तिथनं फिरवायचा नाही, शिडी टेकवायची नाही, मांजर आलं की चप्पल. फुलं गेली, देठांच्या टोकाला बोंडं धरली, मोत्यांएवढी गोल, आधी हिरवी, मग पिवळी, मग वाळून तपकिरी. वाऱ्यानं हलली की आत बारीक खुळखुळायची, पलीकडच्या पोरांच्या खुळखुळ्यासारखी. त्या आवाजानं तिची कामात सुई चुकायची.

एका सकाळी तिनं मूठभर बोंडं तोडली, पायरीच्या त्याच दगडावर बसली, सवयीनं चष्मा कपाळावर चढवला, आणि तळहातावर चोळली.

"अगं बाई! ढेकूण!"

हात झटकला आणि उभीच राहिली. तपकिरी, चपटे, चकचकीत, तेच, दगडावर तसेच पडलेले. मग तिनं चष्मा डोळ्यांवर घेतला. वाकली. जवस. दोन्ही बाजूंनी निमुळते, कुणी पॉलिश केल्यासारखे जवस. चष्मा वर, ढेकूण. चष्मा खाली, जवस. आत जाऊन तिनं वाटीभर कढत पाणी आणलं आणि ओतलं, तेवढंही करून बघितलं. फुगले, बुळबुळीत झाले. मेले नव्हतेच ते कधी. जिवंतच नव्हते, मरणार कुठनं!

किती वेळ बसली कोण जाणे. नवऱ्याला आधी वाटलं पाय मुरगळला. मग बघितलं तर ती रडत नव्हती, दात खात होती. स्वतःवर आलेला राग बाहेर काढायला जागाच नसते ना, तो आतल्या आत शिजतो.

संध्याकाळी बायका कामावरनं परतायच्या वेळेला ती बसायचं स्टूल घेऊन गल्लीत आली आणि वर चढली. हातात त्या झाडाच्या दोन-चार वाळक्या काड्या आणि वाटीत दाणे.

"ऐका गं सगळ्या! वन्संच्या उशीत ढेकूण नव्हते. जवस होते. मी चालताना बघितले म्हणाले ते खोटं होतं, एकसुद्धा चालला नव्हता. माझ्या डोळ्यांवर चष्मा नव्हता आणि तोंडाला लगाम नव्हता. हे बघा, तेच दाणे माझ्या पायरीशी उगवलेत. ढेकूण कधी उगवलेत का? या, हात लावून बघा!"

बायका थांबल्या. एकमेकींकडे बघितलं. एक म्हणाली, "पण काकू, तेव्हा तर तुम्हीच..." दुसरी हसून म्हणाली, "नणंद-भावजयीची गट्टी झाली वाटतं. आता जवसच म्हणणार." तिसरीनं तर विचारलं, "कशावरनं हे तेच दाणे? कुणीतरी आणून पेरले असतील."

झालं! रफूवालीचा आवाज असा चढला, की पार कोपऱ्यावरचा चहावाला बाहेर आला.

"मी ढेकूण म्हटलं तेव्हा कुणी विचारलंत, कशावरनं? विचारलंत? एकीनं तरी? माझ्या एका शब्दावर पोरं उचललीत, आणि आज त्याच तोंडानं खरं सांगतेय, तर पुरावा पाहिजे? वाईट ऐकायला कान टवकारलेले, चांगलं ऐकताना बोळे! मी खोटं बोलले, मला शिव्या द्या, या, रांग लावा! पण तुम्हाला कुणी खोटं बोलायला लावलं होतं? कुठला मामा, कसली रजा? तुम्ही तर पूर्ण शुद्धीवर बोललात!"

बायका हळूहळू पांगल्या. चष्मेवाली मागे राहिली, वाटीतला एक दाणा उचलला, बोटांत फिरवला आणि खाली बघत गेली. वन्संचं दार बंदच. खिडकीचा पडदा मात्र थोडा हलल्यासारखा झाला.

मग रफूवालीनं उशी शिवली. झाडाचे दाणे ओंजळभरसुद्धा भरले नाहीत, बाकीचे किराणावाल्याकडनं आणले, आणि एक एक निवडून घेतला, चष्मा लावून. नवी खोळ, दुहेरी शिवण. उशी तिनं भिंतीवर ठेवली, हाक मारली नाही. सकाळी बघते तर उशी नाही. आणि दुसरं एक बघते, तर झाडाच्या बुंध्याशी उंच काठीवर पत्र्याची छोटी पाटी रोवलेली, भिंतीच्या वर डोकं काढणारी. एकच शब्द, जवस. तोंड भिंतीपलीकडे, बहिणीला वाचता येईल असं. आणि अक्षरांचा रंग तोच निळा, जो रफूवालीला पेटीभर धाग्यांत सापडला नव्हता. रंगाऱ्यानं रात्री कधी कालवला कोण जाणे. रफूवालीला पाटीचं कौतुकही वाटलं आणि रागही आला. तेव्हा एवढा एक शब्द बोलला असता तर?

दुपारी तो पलीकडनं जेवून आला, आणि बायकोसमोर उभा राहून, जन्मात पहिल्यांदा, पूर्ण निरोप सांगितला. "ती म्हणाली, उशी पोचली. शेक चांगला बसतो. मानेला उतार आहे. कोपऱ्यात एक टाका सैल आहे. आणि वहिनीला सांग, मी माफ केलेलं नाही, मान मोकळी झाली तेवढंच. आणि मी तिला चोर म्हणायला नको होतं, पण मूर्ख म्हटलं ते बरोबर होतं."

"सैल?" रफूवाली उसळली. "माझा टाका सैल?" आणि सुईत दोरा ओवायला घेतला.

सगळी पोरं काही परत आली नाहीत. काही आयांनी तोंड फिरवायची सवय लावून घेतली ती घेतलीच, आणि त्यांचा राग मला अजून आहे. पण चष्मेवालीनं पोर परत आणलं. मागोमाग आणखी एक आलं. एका संध्याकाळी चष्मेवाली पोराला न्यायला आली, आणि आत जाण्याआधी रफूवालीला बाजूला घेऊन, तोंडाजवळ हात धरून विचारते कशी,

"काकू, पण आता नाहीत ना?"

"काय नाहीत?" रफूवालीच्या जिभेचा पट्टा सुटला. "काय नाहीत, नाव घे ना! एवढी शिकलीस, बँकेत बसतेस, आणि अजून तुझ्या डोक्यातनं..."

"वहिनी, आवाज!" आतनं आलं. "पोर झोपलंय!"

रफूवालीचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. मग तिनं चष्मेवालीचं मनगट धरलं, तिला ओढत गल्लीच्या पार टोकाला नेलं, आणि उरलेलं सगळं भांडण तिथं उभ्या उभ्या कुजबुजत पुरं केलं.